पहिली कयाक कोणती घ्यावी? (उंची ६ फूट, वजन ९५ किलो)

पवनाकाठ:
तारकर्लीला कर्लीच्या खाडीत भाड्याची कयाक चालवली, तेव्हापासून स्वतःची घ्यायचं डोक्यात बसलंय. राहायला पुण्यात, तिसरा मजला. बहुतेक वेळा पवना किंवा मुळशीचं पाणी, कधीतरी कोकण. एकटाच असेन, अधूनमधून २२ किलोची लेक सोबत. दुकानदार १० फुटी सिट-ऑन-टॉप (आत पाय न घालता वर उघड्यावर बसायची कयाक) गळ्यात मारतोय. क्षमता १२० किलो लिहिलीय, म्हणजे पुरेल ना?

वल्हेबहाद्दर:
नाही पुरणार. तो आकडा म्हणजे शेवटची हद्द. त्याच्या साधारण ७० टक्के वजनापर्यंतच बोट नीट चालते. १२० चे ७० टक्के ८४, तुम्ही एकटेच त्याच्या वर! बोट खोल बसते, पाणी निचरायला तळाला ठेवलेल्या भोकांतून उलट पाणी सीटवर येतं आणि ओल्या चड्डीत वल्हवत बसावं लागतं. तुम्ही, लेक, जॅकेटं, पाणी, डबा मिळून सव्वाशे किलो धरा. म्हणजे १८० च्या आसपास क्षमता हवी.
१० फुटी चटकन वळते, पण दर वल्ह्याला नाक डावी-उजवीकडे फिरवते. धरणात लांब जायचं तर १२ फुटी, २८ ते ३० इंच रुंद बघा. वल्हं २३० ते २४० सेंमी.

खाडीवरचा:
वरच्याला +१. फक्त लेकीसाठी म्हणून दोन सीटवाली घेऊ नका. एकटे मागे बसलात की पुढचं टोक वर उचलतं आणि वाऱ्यावर भरकटतं. मधोमध बसायची सोय असेल तरच घ्या.
आणि दुकानात बसून बघा हो! पाय टेकायची पट्टी शेवटच्या खाचेत नेऊनही गुडघे छातीकडे येत असतील तर कितीही सवलत देऊ देत, सोडा.

सोसायटीपीडित:
सगळं खरं, पण १२ फुटी बोट लिफ्टमध्ये जाणार कशी? २५-३० किलोचं धूड जिन्यानं कोण चढवणार? हवा भरायची घ्या, डिकीत मावते. तळ ड्रॉप-स्टिचचा (आतून दोऱ्यांनी विणलेला, हवा भरली की फळीसारखा कडक होणारा) हवा, नाहीतर तुमच्या वजनानं मध्ये झोळ पडेल.

खाडीवरचा:
हवेची पाण्यावर उंच तरंगते. कोकणात दुपारी खारा वारा सुटला की परतताना दम निघतो. धरणावर सकाळी ठीक. घरी नेऊन पूर्ण वाळवल्याशिवाय घडी घालू नका, वास मारते. आणि धरणात उतरायला परवानगी लागते का, ते जलसंपदा खात्याकडे आधी विचारा.

पवनाकाठ:
धन्यवाद मंडळी. १० फुटी बाद. पार्किंगच्या भिंतीला बोट लावू देतील का, सेक्रेटरींना विचारतो. नाहीच म्हणाले तर हवेची.

वल्हेबहाद्दर:
लावू दिली तर कुशीवर किंवा उलटी ठेवा, रुंद पट्ट्यांवर. आणि ऊन लागणार नाही असं बघा, प्लास्टिक ठिसूळ होतं.