अथेन्समधला अंत्यविधी : घरच्या ग्रुपवरची चर्चा

काकू: हा व्हिडिओ सगळ्यांनी बघा. ग्रीसचे राजे कॉन्स्टन्टाइन यांचा अंत्यविधी, १६ जानेवारी २०२३. चर्चबाहेर केवढी गर्दी, लोक राष्ट्रगीत म्हणतायत, बायका डोळे पुसतायत. आणि सरकारने म्हणे शासकीय इतमाम दिलाच नाही. माणूस गेल्यावर तरी राग सोडावा ना?

दादा: काकू, राजे नव्हे, माजी राजे. ८ डिसेंबर १९७४ ला तिथे सार्वमत झालं आणि ६९ टक्के लोकांनी राजेशाही नको म्हणून सांगितलं. त्यानंतर तो माणूस सामान्य नागरिक. सामान्य नागरिकाला कुठलं सरकार तोफांची सलामी देतं?

काकू: सामान्य नागरिकाच्या मयताला युरोपातले राजेराण्या येतात का रे?

दादा: ते येवोत. सरकारने काय करायचं हा प्रश्न आहे. याच राजाने एप्रिल १९६७ मध्ये बंडखोर कर्नलांच्या सरकारला शपथ दिली. पुढे सात वर्षं लोक तुरुंगात आणि बेटांवरच्या छावण्यांत सडले. त्यांच्या घरच्यांनी ती गर्दी टीव्हीवर बघताना काय म्हणायचं?

नानाकाका: अर्धीच गोष्ट सांगतोयस. त्याच वर्षी १३ डिसेंबरला त्याने कर्नलांविरुद्ध उलटा उठाव केला होता. उत्तरेला कावालाला गेला, सैन्य आपल्या बाजूने येईल अशी आशा होती. एका दिवसात सगळं फसलं आणि बायकामुलांना घेऊन रोमला पळावं लागलं.

दादा: आठ महिन्यांनी सुचलेला उठाव, नानाकाका. आणि त्याआधी १९६५ मध्ये निवडून आलेल्या पंतप्रधान पापांद्रेऊंशी भांडून त्यांना जायला भाग पाडलं, तेही धरा. तिथूनच सगळं बिघडलं.

नानाकाका: धरतो. तेव्हा तो पंचवीस वर्षांचा होता एवढंच सांगतो.

दादा: पंचवीस वर्षांचा असला तरी राजा होता ना.

आत्या: आता मी जरा सविस्तर लिहिते, मधे तोडू नका. दादाचं म्हणणं मला मान्य आहे. शासकीय इतमाम दिला नाही हे बरोबरच झालं. लोकांनी मत दिलं होतं, आणि ते मत मेल्यानंतरही लागू राहतं. पण इतमाम नाकारणं वेगळं आणि निरोप नाकारणं वेगळं. ग्रीसने या दोन्ही गोष्टी करून पाहिल्या आहेत, त्याच घराण्याबाबत.

फेब्रुवारी १९८१ मध्ये कॉन्स्टन्टाइनची आई, राणी फ्रेडरिका, माद्रिदला वारली. नवऱ्याशेजारी, अथेन्सच्या उत्तरेला तातोईच्या इस्टेटीत तिचं दफन व्हावं अशी घरच्यांची इच्छा. सरकारने परवानगी दिली, पण मुलाला देशात फक्त काही तास थांबू दिलं. तेरा वर्षांनी मायदेशात पाऊल टाकलं ते आईला माती द्यायला, आणि माती देऊन त्याच दिवशी परत. तिसरा दिवस नाही, कबरीपाशी दोन घटका बसणं नाही. फ्रेडरिका लोकांना आवडत नव्हती, राजकारणात ढवळाढवळ करायची, हे सगळं खरं. तरी मुलाला घड्याळ लावून आईला पुरायला सांगणं मला कधीच पटलेलं नाही.

वहिनी: हे मला माहीतच नव्हतं, आत्या. वाचूनच कसंतरी झालं.

दादा: आत्या, १९८१ मध्ये ग्रीसची लोकशाही अवघी सात वर्षांची होती. भीती खोटी नव्हती. त्याच महिन्यात, २३ फेब्रुवारीला, स्पेनच्या संसदेत सिव्हिल गार्ड, म्हणजे तिथले निमलष्करी पोलीस, बंदुका घेऊन घुसले होते. माजी राजा परत आला की त्याच्याभोवती कोण गोळा होईल, याची सरकारला धास्ती असणारच.

आत्या: भीती खरी होती हे मान्य. पण स्पेनचंच उदाहरण काढलंस म्हणून सांगते. तिथे त्या रात्री टीव्हीवर येऊन बंड मोडून काढणारा राजा कोण? हुआन कार्लोस. कॉन्स्टन्टाइनचा मेहुणा, त्याच्या थोरल्या बहिणीचा, सोफियाचा नवरा. एका घरातले दोन राजे, दोघांसमोर सैन्याचं बंड. एकाने सुरुवातीला शपथ दिली, दुसऱ्याने पहिल्याच रात्री नाही म्हटलं. कॉन्स्टन्टाइनचं राज्य का गेलं हे यावरून कळतं, त्यावर माझा वाद नाही. माझा मुद्दा आईच्या दफनाचा आहे.

मी: आत्या, मग २०२३ मध्ये नक्की काय वेगळं झालं? काकूंच्या व्हिडिओत तर राजेशाही थाटच दिसतोय.

आत्या: सांगते. १० जानेवारीला तो अथेन्सच्याच हॉस्पिटलमध्ये वारला, ८२ वर्षांचा होऊन. २०१३ पासून तो पुन्हा ग्रीसमध्येच राहत होता. सरकारने जाहीर केलं की दफन तातोईला, पूर्वजांशेजारी होईल आणि ते एका खाजगी नागरिकाचं असेल. राष्ट्रीय दुखवटा नाही. राष्ट्राध्यक्ष आल्या नाहीत, पंतप्रधान मित्सोताकिस आले नाहीत. उपपंतप्रधान पिक्रामेनोस आणि सांस्कृतिक मंत्री लीना मेंदोनी आल्या. तातोई आता सरकारच्या मालकीचं आहे आणि तिथल्या राजवाड्याची डागडुजी त्याच मंत्रालयाकडे आहे. म्हणजे पुरायची जागासुद्धा सरकारची. "हा तुमचा घरचा प्रश्न, तुम्ही बघा" म्हणून हात झटकणं सरकारला शक्यच नव्हतं.

पण पार्थिव लोकांसाठी ठेवू दिलं, हे मला महत्त्वाचं वाटतं. कुठे, तर मोठ्या कॅथेड्रलला लागून असलेल्या आयोस एलेफ्थेरिओसच्या इवल्याशा चर्चमध्ये. कोणी गेलंय का तिकडे?

वहिनी: मी गेलेय! कॅथेड्रलच्या सावलीत ते चर्च एवढंसं दिसतं की पुढे निघून जायला होतं. आणि भिंती बघाल तर सगळ्या जुन्या संगमरवरी तुकड्यांच्या. प्राचीन मंदिरांतले, थडग्यांवरचे कोरीव दगड उचलून बसवलेत. दारावर प्राचीन अथेन्सच्या सणांचं कोरीव पंचांग आहे, आणि त्या चित्रांच्या मधे नंतर कोणीतरी क्रॉस कोरलेत. आत एका वेळी फार माणसं मावत नाहीत.

आत्या: अगदी बरोबर. आता कल्पना कर, त्या चर्चसमोर जानेवारीच्या थंडीत पहाटेपासून रांग लागलेली. सकाळी सहाला दार उघडलं. शवपेटीवर ग्रीसचा निळा-पांढरा झेंडा. माणसं आत जातात, क्रॉसची खूण करतात, कोणी ओठ टेकवतं, बाहेर पडतात. म्हातारी माणसं होती तशी तरुणही होती. दुपारच्या विधीआधी दार बंद केलं तेव्हाही कितीतरी जण रांगेत होते.

दादा: काहींच्या हातात जुना मुकुटाचा झेंडा होता, तेही सांग ना. माझा आक्षेप तिथेच आहे. दुःख आणि राजकीय मेळावा यांच्यात रेघ कुठे ओढायची?

आत्या: होता, काहींच्या हातात होता. दादा, प्रजासत्ताकाला एवढा झेंडा सोसवत नसेल तर ते प्रजासत्ताक कच्चं म्हणायचं. संध्याकाळपर्यंत सगळे आपापल्या घरी गेले आणि ग्रीसमध्ये राजेशाही परत आली नाही. ज्यांना रडायचं होतं ते रडले. ज्यांना तो नको होता त्यांनी टीव्ही बंद केला. १९८१ मध्ये हे जमलं नव्हतं.

नानाकाका: वा, हे पटलं.

दादा: बरं, जनतेचं सोडा. एवढे राजेराण्या एकाच चर्चमध्ये बसल्या, त्यात आठ-दहा देशांचे विद्यमान किंवा माजी प्रमुख. सरकारने कागदावर खाजगी म्हटलं तरी प्रत्यक्षात राज्याचाच सोहळा झाला ना?

वहिनी: इथे मी बोलते. मी नात्याचा तक्ता काढून बसलेय सकाळपासून. डेन्मार्कची तेव्हाची राणी मार्गरेटे म्हणजे कॉन्स्टन्टाइनच्या बायकोची, अ‍ॅन-मरीची, थोरली बहीण. धाकटी बहीण विधवा झाली, थोरली येणार नाही का? तीही तेव्हा ८२ वर्षांची होती, मधली बहीण बेनेडिक्टेही आली. स्पेनचा राजा फेलिपे हा कॉन्स्टन्टाइनचा सख्खा भाचा, मामाला पोचवायला आला. स्वीडनचा राजा अ‍ॅन-मरीचा मामेभाऊ. ब्रिटनची राजकन्या अ‍ॅन आली, तिचे वडील प्रिन्स फिलिप हे कॉन्स्टन्टाइनच्या वडिलांचे चुलत भाऊ. मुकुट काढून ठेवले तर हे आपल्यासारखंच सोयरेधायरे आहेत. त्यांना पाहुणे म्हणून मोजायचं की घरचे म्हणून?

मी: वहिनी, हे तर भारीच. मी त्यांच्याकडे देशांचे प्रतिनिधी म्हणूनच बघत होतो.

वहिनी: आणि अजून एक. ज्या मोठ्या कॅथेड्रलमध्ये विधी झाला, तिथेच १८ सप्टेंबर १९६४ ला त्या दोघांचं लग्न लागलं होतं. ती अठरा वर्षांची. त्याआधी १९६२ मध्ये सोफिया आणि हुआन कार्लोसचं ऑर्थोडॉक्स पद्धतीचं लग्नही तिथलंच. त्या दिवशी ही सगळी म्हातारी माणसं त्याच छताखाली पुन्हा आली. मला त्यात सत्ता दिसत नाही, भावाला पोचवायला आलेली बहीण दिसते.

काकू: हुआन कार्लोसच्या येण्यावरून तेव्हा किती बोललं गेलं! पैशांच्या भानगडी, देश सोडून अबू धाबीला राहणं, मुलाने, राजा फेलिपेने, वारसा नाकारणं. लोक म्हणत होते त्याने यायला नको होतं, मुलाची पंचाईत होते.

वहिनी: काकू, मला हे अजिबात पटत नाही. मेहुण्याच्या मयताला जायला कोणाची परवानगी लागते? स्पेनमध्ये त्याची चौकशी करा, जाब विचारा, त्याबद्दल काही म्हणणं नाही. पण शवपेटीपुढे बाप आणि मुलगा एका चर्चमध्ये उभे राहिले म्हणून कोणाचं काय बिघडलं? उलट कुटुंबात कितीही फाटलं असलं तरी अशा वेळी यावंच. न येण्याची बोच आयुष्यभर राहते.

दादा: यावर मी वहिनीच्या बाजूने.

नानाकाका: आता मी रोमानियाची गोष्ट घालतो, कारण ती याला अगदी खेटून आहे. रोमानियाचे माजी राजे मिहाय ५ डिसेंबर २०१७ ला स्वित्झर्लंडमध्ये वारले. ते कॉन्स्टन्टाइनचे सख्खे आतेभाऊ. त्यांना मात्र पूर्ण शासकीय इतमाम, तीन दिवसांचा राष्ट्रीय दुखवटा. बुखारेस्टच्या राजवाड्यात पार्थिव ठेवलं, मग खास रेल्वेने दफनासाठी कुर्तेआ दे आर्जेशला नेलं. वाटेत रुळांच्या कडेला माणसं उभी होती.

मी: मग दोन भावांत एवढा फरक का?

नानाकाका: मिहायना कोणी मत देऊन घालवलं नव्हतं. ३० डिसेंबर १९४७ ला कम्युनिस्टांनी दमदाटी करून राजीनाम्यावर सही घेतली. वर ऑगस्ट १९४४ मध्ये हुकूमशहा अन्तोनेस्कूला अटक करून देशाला हिटलरच्या गोटातून बाहेर काढलं ते त्यांनीच. म्हणजे इतमाम मिळाला तो केवळ मुकुटाला नाही. ग्रीसमध्ये लोकांनी स्वतः निर्णय घेतला होता. म्हणून मला दोन्ही सरकारं आपापल्या जागी बरोबर वाटतात.

आत्या: नाना, हे फार नेमकं मांडलंस. १९९० मध्ये मिहाय आले तेव्हा त्यांनाही परत पाठवलं होतं, विसरू नकोस. पोलिसांनी हायवेवर अडवून विमानतळावर नेऊन सोडलं होतं. नव्या सरकारांना जुन्या राजांची भीती वाटतेच, ती जायला वेळ लागतो.

काकू: मला एवढंच विचारायचंय, शेवटी खांदा कोणी दिला?

आत्या: मुलांनीच. पाव्लोस, निकोलाओस, फिलिप्पोस. तातोईला दफन झालं ते घरच्या माणसांत, आईवडिलांच्या कबरीशेजारी. २०२१ च्या वणव्यात त्या इस्टेटीतली झाडं फार जळाली, सगळीकडे काळे बुंधे उभे होते. त्या रानातून गाड्या गेल्या.

मी: आणि मुलं आता ग्रीसची नागरिक आहेत की नाहीत? १९९४ ला काढून घेतलं होतं ना?

नानाकाका: हो, १९९४ च्या कायद्याने मालमत्ता आणि नागरिकत्व दोन्ही गेलं. पुढे स्ट्रासबर्गच्या मानवाधिकार न्यायालयात ते मालमत्तेसाठी लढले, २००२ मध्ये त्याला १ कोटी २० लाख युरो भरपाई मिळाली. नागरिकत्वाला आडनाव लावायची अट होती, ती त्याने शेवटपर्यंत मानली नाही. तो गेल्यावर, डिसेंबर २०२४ मध्ये मुलांनी ती अट मान्य केली. 'दे ग्रेस' हे आडनाव घेतलं आणि प्रजासत्ताकाची राज्यघटना मान्य असल्याचं लेखी दिलं.

दादा: 'दे ग्रेस' म्हणजे फ्रेंचमध्ये 'ग्रीसचे'! हे आडनाव आहे की जुना किताबच? तिथल्या डाव्या पक्षांनी आक्षेप घेतला तो उगाच नाही.

आत्या: आडनावाबद्दल तुझं म्हणणं मला पटतं. दुसरं काहीही घेता आलं असतं. पण लेखी दिलं ना? बापाने पन्नास वर्षांत जे केलं नाही ते मुलांनी दोन वर्षांत केलं. आता त्यांना बापाच्या कबरीवर जायला कोणाची परवानगी काढायला नको, तास मोजायला नकोत.

दादा: बरं. लेखी दिलंय म्हणून नागरिकत्वाला माझी हरकत नाही. आडनावाला आहे, आणि ती राहील.

काकू: राहू दे की. नाना, त्या रोमानियाच्या रेल्वेचा व्हिडिओ असेल तर टाका इथे.