मदत हवी आहे: व्हीआरए ८ मध्ये व्हीसेंटरचं क्लाउड अकाउंट व्हॅलिडेट होत नाही

नमस्कार मंडळी. कोल्हापुरात एका फाउंड्रीचं आयटी बघतो. गोकुळ शिरगावच्या युनिटमध्ये व्हीआरए ८ (व्हर्च्युअल मशीन्स आपोआप उभी करणारं व्हीएमवेअरचं सॉफ्टवेअर) नवीन बसवलंय. ती मशीन्स ज्या सर्व्हरांवर चालतात ते सांभाळणारं व्हीसेंटर मात्र शिरोली एमआयडीसीतल्या जुन्या युनिटमध्येच आहे. मध्ये व्हीपीएन.

व्हीआरएला व्हीसेंटर जोडायला त्यातल्या क्लाउड अकाउंटमध्ये व्हीसेंटरचं पूर्ण नाव, युजर, पासवर्ड भरतो आणि व्हॅलिडेट दाबतो. चाक बराच वेळ फिरतं, मग टाइमआउट. सर्टिफिकेट स्वीकारायचा का, हे विचारणारी खिडकीसुद्धा येत नाही. म्हणजे पासवर्डपर्यंत गाडी पोचतच नसावी. ॲमेझॉनचं मुंबई रीजन ॲक्सेस की टाकल्यावर लगेच जोडलं गेलं, त्यामुळे बाहेरचं नेटवर्क ठीक आहे.

माझ्या लॅपटॉपवरून तोच व्हीसेंटर त्याच युजरने मस्त उघडतो. फायरवॉलवर ४४३ पोर्ट मोकळा आहे, दोन्हीकडची घड्याळं जुळतात. व्हीसेंटरचा पत्ता १०.२४४.२.२०, अप्लायन्स (व्हीआरए ज्यावर चालतं ते मशीन) १९२.१६८.१०.५० वर.

प्रत्येक हीटचा (भट्टीतल्या एका वेळच्या वितळीचा) स्पेक्ट्रो रिपोर्ट, म्हणजे धातूत काय किती आहे त्याची तपासणी, ज्या ईआरपीत जातो, त्याची टेस्ट मशीन्स यातूनच उभी करायची आहेत. क्वालिटीची पोरं त्यासाठी थांबलीत. कुणी असं जोडलं असेल तर कृपया सांगा.

प्रतिसाद १:
दादा, लॅपटॉपवरून उघडतं याला इथं अर्थ नाही. व्हॅलिडेट दाबल्यावर व्हीसेंटरकडे जातं ते अप्लायन्स, तुमचा ब्राउझर नव्हे. एरवी मी आधी अप्लायन्सवर एसएसएचने लॉगिन करून व्हीसेंटरचं नाव रिझॉल्व्ह होतंय का (नावावरून पत्ता मिळतोय का) ते बघा म्हटलं असतं. पण तुमचा पत्ता बघूनच थांबलो. व्हीआरए ८ आतून कुबरनेटिसवर चालतं, म्हणजे त्याचे भाग पॉड नावाच्या छोट्या डब्यांत चालतात, आणि मूळ सेटिंगमध्ये पॉडसाठी १०.२४४.०.०/२२ व सर्व्हिससाठी १०.२४४.४.०/२२ हे पत्त्यांचे पट्टे स्वतःकडे ठेवतं. १०.२४४.२.२० पहिल्या पट्ट्यात (१०.२४४.०.० ते १०.२४४.३.२५५) येतो. पॉडला तो पत्ता घरातलाच वाटतो, त्यामुळे पॅकेट व्हीपीएनकडे जातच नाही.

मूळ प्रश्नकर्ता:
हे कुठंच लक्षात आलं नव्हतं, फार आभार! शिरोलीचे पत्ते बदलणं अवघड आहे, भट्टीचे पीएलसी (भट्टी चालवणारे कंट्रोलर) आणि वजनकाटासुद्धा त्याच पट्ट्यात आहेत. व्हीआरएचा पट्टा बदलता येईल?

प्रतिसाद १:
येतो, आणि तोच बदला. शिरोलीला हात लावू नका. अजून काही उभं केलं नसेल तर लाइफसायकल मॅनेजरमधून (व्हीआरए बसवायचं टूल) पुन्हा इन्स्टॉल करा, तिथं दोन्ही पट्टे विचारले जातात. आहे त्यावरच बदलायचं तर व्हीआरएसीएलआय या अप्लायन्सवरच्या कमांड-लाइन टूलची कमांड आहे, पण सर्व्हिसेस बंद कराव्या लागतात आणि आधी अप्लायन्सचा स्नॅपशॉट हवाच. नवे पट्टे दोन्ही युनिटांत आणि व्हीपीएनवर कुठंच वापरात नाहीत, हे नेटवर्कवाल्याकडून लिहून घ्या.

जोडणी झाली की टेम्प्लेट (मशीन बनवायचे तयार साचे, व्हीआरएत ते इमेज म्हणून दिसतात) लगेच दिसली नाहीत तर घाबरू नका. इमेजची यादी चोवीस तासांनी आपोआप ताजी होते. घाई असेल तर अकाउंट उघडून सिंक इमेजेस दाबा.