तलविन सिंगचा 'ओके' नक्की ऐकायचा कसा?

रामबागवाला:
मंडळी, मी इंदूरला सात वर्षं तबला शिकतोय, आता लॅपटॉपवर बीट्स पण करून राहिलोय. एका मित्राने लंडनच्या तबलावादक तलविन सिंगचा पहिला सोलो अल्बम 'ओके' ऐकवला, 1998चा, ज्याला 1999चं मर्क्युरी प्राइझ, म्हणजे ब्रिटनमधलं वर्षातल्या सर्वोत्तम अल्बमचं बक्षीस, मिळालं. मला जाम आवडला पण गुरुजी म्हणे हा तबलाच नाही. मग समीक्षकांना त्यात एवढं काय दिसलं?

पळशीकर_कॉलनी:
दोघं वेगळं ऐकताहेत रे. लंडनवाल्यांना ड्रम अँड बेस, म्हणजे वेगवान ड्रम्स आणि जड बेसचं क्लबमधलं संगीत, रोजचंच होतं, पण तबला त्यात शोभेला वरून पेरलेला नाही, गाडी तोच ओढतोय, हे नवीन होतं. आणि माणूस काही अचानक उगवला नाही, आइसलँडची गायिका ब्योर्कच्या 1993च्या 'डेब्यू' अल्बमवर त्याचा तबला आहे, लंडनमधली 'अनोखा' ही क्लबातली संगीताची रात्रही त्याचीच.

सानिका_ताई:
मला मात्र थोडं खटकतं. तेव्हा एशियन अंडरग्राउंडची, म्हणजे ब्रिटनमधल्या दक्षिण आशियाई कलाकारांच्या इलेक्ट्रॉनिक संगीताची, लाट होती, नव्याचं कौतुक जास्त झालं असं वाटतं, मधले काही ट्रॅक नुसतेच तरंगतात. पहिला लांबलचक ट्रॅक मात्र हेडफोन लावून, डोळे मिटून ऐक, बाया (तबल्याच्या जोडीतला डावा, खर्जाचा) कसा भरलाय बघ, माझ्या अंगावर काटा येतो अजून.

पळशीकर_कॉलनी:
ताई, तरंगण्याचं पटलं. पण एकोणिसाव्या शतकातल्या पखवाजवादक नाना पानसेंनी आपल्या इंदुरातच पखवाजाची वेगळी वाट काढली ना, तीही तेव्हा नवीनच होती.

रामबागवाला:
आज रात्री परत ऐकतो. गुरुजींना फक्त पहिला ट्रॅक ऐकवीन, तोही चांगल्या स्पीकरवर, मागच्या वेळी मोबाइलवर ऐकवला होता.