मदत हवी आहे: अमेरिकेतील ऑप्टोमेट्री बोर्डाच्या परीक्षेत २८७ गुण म्हणजे नेमके किती?

नमस्कार.

माझी भाची पुण्यात बी.ऑप्टम. ही ऑप्टोमेट्रीची, म्हणजे डोळे तपासून चष्म्याचा नंबर काढण्याच्या शास्त्राची पदवी पूर्ण करून अमेरिकेत आली असून येथील एका महाविद्यालयात ओ.डी. (डॉक्टर ऑफ ऑप्टोमेट्री) पदवीचे शिक्षण घेत आहे. व्यवसायाचा परवाना प्रत्येक राज्य स्वतंत्रपणे देते, परंतु त्यासाठी लागणारी तीन भागांची परीक्षा नॅशनल बोर्ड ऑफ एक्झामिनर्स इन ऑप्टोमेट्री ही संस्था घेते, हे येथील जाणकारांना ठाऊक असेलच. मार्चमध्ये दिलेल्या पहिल्या भागाचा, म्हणजे मूलभूत विज्ञानाच्या परीक्षेचा निकाल लागला असून त्यात तिला २८७ गुण मिळाले आहेत. उत्तीर्ण होण्यासाठी ३०० लागतात आणि कमाल गुण ९०० आहेत.

मी आयुष्यभर हिशेब तपासले असल्यामुळे आकडा दिसताच भागाकार केला, तर ९०० पैकी २८७ म्हणजे जेमतेम ३२ टक्के झाले. भाची मात्र ठामपणे सांगते की निम्म्याहून कितीतरी अधिक उत्तरे बरोबर होती. परीक्षा देऊन आली त्या संध्याकाळी तिने विजेच्या बिलाच्या लिफाफ्यामागे रेघा मारून आपला अंदाज मांडला होता, तो मी स्वतः पाहिला आहे. मग हे गुण आले कोठून? उरलेले १३ गुण म्हणजे नेमके किती प्रश्न? आपल्याकडे एमएचटी-सीईटीत पर्सेंटाइल काढतात तसे येथेही इतर परीक्षार्थींच्या तुलनेत गुण ठरतात काय? तसे असेल तर हुशार तुकडीबरोबर परीक्षा देणे हेच तिचे दुर्दैव म्हणावे लागेल. या विषयातील कोणी समजावून सांगितल्यास आभारी राहीन.

प्रतिसाद

मी येथे ओ.डी.च्या विद्यार्थ्यांना शिकवतो, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. सर्वप्रथम तो भागाकार पुसून टाकावा. हा मापदंड शून्यापासून सुरू होतच नाही, तो १०० ते ९०० असा आहे, आणि त्यावरील आकडा म्हणजे बरोबर उत्तरांची संख्या नव्हे की टक्केवारीही नव्हे. चष्म्याचा नंबर तीन आहे म्हणून कोणी शंभरातली तीन टक्के दृष्टी गेली असे म्हणत नाही, तसेच हे आहे.

उत्तीर्णतेची रेषा आधी ठरते आणि तिला ३०० हा आकडा नंतर चिकटवला जातो. परवाना देण्यास जेमतेम पात्र असलेला, म्हणजे रुग्णाला अपाय होणार नाही इतपत ज्ञान असलेला उमेदवार डोळ्यांसमोर ठेवून, अशा उमेदवाराकडून किती उत्तरांची अपेक्षा करावी हे तज्ज्ञ ठरवतात. प्रश्नपत्रिका दर वेळी सारखीच कठीण नसते, त्यामुळे ती रेषाही मूळ गुणांत सरकते. समजा, एका कठीण प्रश्नपत्रिकेत २१० बरोबर उत्तरांना ३०० गुण पडले, तर पुढच्या सोप्या प्रश्नपत्रिकेत त्याच ३०० साठी २१८ उत्तरे लागू शकतील. (आकडे केवळ उदाहरणादाखल घेतले आहेत.) म्हणूनच १३ गुणांचे प्रश्नांत रूपांतर घरी बसून करता येत नाही.

भाचीचा लिफाफाही येथे फारसा कामाचा नाही, कारण पहिल्या भागात दोन सत्रांत मिळून ३७० प्रश्न असतात आणि त्यांतील २० प्रश्न केवळ चाचणीसाठी घातलेले असतात. त्यांचे गुण धरत नाहीत, आणि ते कोणते हे परीक्षार्थीला कळत नाही. एखाद्या विचित्र प्रश्नावर तिने दहा मिनिटे घालवली असतील आणि तो नेमका त्या विसांतला असेल, असेही घडते.

पर्सेंटाइलबद्दलची आपली शंका रास्त आहे, पण येथे तसे नाही. उत्तीर्ण वा अनुत्तीर्ण हे ठरताना शेजारी कोण बसले होते याचा संबंध नसतो. सगळे पात्र असतील तर सगळे उत्तीर्ण होतील. परवान्याच्या परीक्षेला जागा भरायच्या नसतात, त्यामुळे हेच योग्य आहे असे मला वाटते.

तिसऱ्या भागाची चिंता आताच नको, मात्र त्याविषयीचे जुने सल्ले बाजूला ठेवावेत. नॉर्थ कॅरोलायनातील शार्लट येथे प्रत्यक्ष घेतल्या जाणाऱ्या या भागाचे स्वरूप ऑगस्ट २०२४ पासून बदलले आहे.

आता मला एक विचारायचे आहे. तिने काही प्रश्न कोरे सोडले होते काय? या परीक्षेत चुकीच्या उत्तरासाठी गुण कापत नाहीत, त्यामुळे कोरा प्रश्न म्हणजे निव्वळ नुकसान. भारतातून आलेल्या विद्यार्थ्यांत ही सवय मी वारंवार पाहतो.

धागाकर्ता

आपले मनापासून आभार. आपला प्रतिसाद वाचून तो लिफाफा पुन्हा शोधून काढला. कोऱ्या प्रश्नांसाठी तिने शून्ये मांडली आहेत आणि ती एकूण १९ भरतात. विचारल्यावर म्हणाली, “मामा, खात्री नसेल तर हात लावायचा नाही, ही नीटच्या वेळची सवय आहे.” ऑगस्टमध्ये ती पुन्हा परीक्षेला बसणार आहे. सध्या आम्ही दोघे निकालपत्रातील विषयवार माहिती समोर घेऊन बसलो आहोत, आणि तीत सर्वांत मागे पडलेला विषय ऑप्टिक्स (प्रकाशशास्त्र) आहे. पुण्यात त्याच विषयात तिचा पहिला क्रमांक आला होता. येथील अभ्यासक्रमात तो निराळ्या पद्धतीने विचारतात काय, हे आपण सांगू शकाल का?