दोऱ्याला टांगलेलं वजन खालच्या काट्याला कळतं कसं?

प्रश्न
आठवीला प्लावक बल, म्हणजे बुडालेल्या वस्तूला पाणी वर ढकलतं ते बल, शिकवतेय. अर्धा किलोचं पितळी वजन दोऱ्याला बांधून तीन तऱ्हांनी मोजलं. ताणकाट्यावर हवेत 4.9 न्यूटन, पाण्यात पूर्ण बुडवल्यावर 4.3. म्हणजे 0.6 ने घट. तोटीच्या भांड्यातून सांडलेलं पाणी मात्र 51 मिलीच भरलं, म्हणजे 0.5 न्यूटन. मग घरून स्वयंपाकघरातला डिजिटल काटा नेला. त्यावर पाण्याचं पातेलं ठेवून आकडा शून्य केला आणि वजन तळाला टेकू न देता बुडवलं. आकडा आला 59 ग्रॅम, म्हणजे साधारण 0.58 न्यूटन.

तिन्ही उत्तरं सारखी यायला हवीत, मग यातलं खरं कुठलं मानू? त्यात एका मुलीने विचारलं, "बाई, वजन तर तुम्ही दोऱ्याने धरलंय, मग खालच्या काट्याला कसं कळलं?" तिचं समाधान होईल असं उत्तर मला देता आलं नाही. कालपासून तेच डोक्यात आहे.

प्रतिसाद १
बाई, गडबड तोटीत आहे. पृष्ठताणामुळे पाणी तोटीच्या तोंडाशी फुगून अडतं. काठोकाठ भरा, शेवटचा थेंब गळेपर्यंत थांबा, मगच मोजपात्र खाली ठेवा. भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब पाण्यात टाका. पितळेची घनता साधारण 8.4 ग्रॅम प्रति घन सेंमी धरली तर 500 ग्रॅमचं आकारमान 60 घन सेंमीच्या आसपास येतं. तेवढं पाणी सांडायलाच हवं.

प्रतिसाद २
ताणकाट्याच्या 0.6 वरही फार विसंबू नका. त्याचं एक घरच 0.1 न्यूटनचं, आणि तुम्ही दोन वाचनांची वजाबाकी करताय. डिजिटल काटा नेमका प्लावक बलाचाच आकडा देतो, म्हणून मी 59 मानेन. फक्त वजनाला चिकटलेले बुडबुडे झटकून घ्या.

मुलीचा प्रश्न फार मोलाचा आहे. पाणी वजनाला वर ढकलतं, तेव्हा वजनही पाण्याला तेवढंच खाली दाबतं. आणि पाणी बसलंय काट्यावर. पातळी चढते, तळावरचा दाब वाढतो, तो काट्याला कळतो. तिला स्वतःचं बोट पाण्यात बुडवू द्या, तळाला न लावता.

प्रश्नकर्ती
आज केलं. लिक्विड टाकल्यावर 58 मिली आलं. मग वजन ताणकाट्याला टांगून डिजिटल काट्यावरच्या पातेल्यात हळूहळू सोडलं. वरचा आकडा उतरत गेला, खालचा चढत गेला. ती मुलगी दोन्ही आकडे ग्रॅममध्ये करून त्यांची बेरीज वहीत लिहीत होती. प्रत्येक वेळी 500 च्या आसपास! मग तिने बोट बुडवलं आणि म्हणाली, "बाई, मी ढकलतेय पाण्याला."