'कुणाला सांगू नकोस' म्हणाल्या आणि मी शब्द देऊन बसले. आता काय करू? (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी. इतकी वर्षं वाचनमात्र होते, हा पहिलाच धागा. लांबण लागली तर सांभाळून घ्या.

मी एका निवासी केंद्रात काळजीवाहक आहे, लागून चार महिने झाले. माझ्याकडच्या एका आजींना स्मृतिभ्रंश आहे. कधी मला स्वतःची बहीण समजतात, कधी बरोबर नावाने हाक मारतात. परवा अंघोळ घालताना गाऊनची बाही वर सरकवली तर उजव्या दंडाच्या आतल्या बाजूला चार काळेनिळे डाग, एका रांगेत. हात वळवून पाहिला तर दुसऱ्या अंगाला पाचवा, जरा मोठा. माझी बोटं त्यांवर अलगद टेकवून पाहिली. बसली. पोटात गोळाच आला.

"काय झालं हो आजी?" बराच वेळ साबणाच्या फेसाकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "ती रात्रीची ओढते. कुणाला सांगू नकोस, मग पाणी देत नाही." मी घाईघाईने म्हटलं, "नाही सांगणार, शपथ."

रात्रपाळीला ज्या ताई असतात त्यांनीच मला हे काम शिकवलं. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून कुशीवर कसं वळवायचं, हे त्यांनी माझा हात धरून दाखवलंय. रात्री त्या एकट्याच असतात, कामाचा डोंगर असतो. शिवाय आजींना रक्त पातळ करायची गोळी चालू आहे, नुसतं धरलं तरी डाग पडत असतील का? आणि त्यांचं बोलणं किती खरं धरायचं? ताईंनाच आधी विचारू का? फोटो काढलेला नाही, काढायला हवा होता का?

प्रतिसाद १
ताईंशी आधी मोकळेपणाने बोल. एका डागावरून कुणाची भाकरी जायला नको. गैरसमजही असू शकतो.

प्रतिसाद २
वरच्या प्रतिसादाशी अजिबात सहमत नाही. मी बरीच वर्षं परिचारिका होते आणि हीच चूक केली होती. 'मोकळेपणाने' विचारलं आणि दुसऱ्या दिवसापासून पेशंट माझ्याशी बोलायचेच बंद झाले. आधी ताईंना विचारलंस तर त्यांना गोष्ट रचायला वेळ मिळतो, आणि आज रात्री आजी त्यांच्याच ताब्यात असणार आहेत.

गोळीचा मुद्दा बरोबर आहे. म्हातारपणी कातडी कागदासारखी होते, रक्त पातळ असेल तर मनगटावर, हाताच्या पाठीवर डाग सहज पडतात. पण दंडाची आतली बाजू सहसा कुठे आपटत नाही. ते काहीही असो, कारण शोधणं तुझं काम नाही. डॉक्टर तपासतील. रंगावरून डाग किती दिवसांचा हे ठरवायच्या फंदातही पडू नकोस, ते खात्रीने कुणालाच सांगता येत नाही.

तू फक्त पाहिलंस आणि ऐकलंस तेवढं लिही. तारीख, वेळ, कुठला हात, किती डाग, केवढे. आजींचं वाक्य जसंच्या तसं. 'मारहाण' हा शब्द त्या बोलल्या नसतील तर तूही लिहू नकोस. कागदावर माणसाची आकृती काढून डागांच्या जागी खुणा कर. स्वतःच्या मोबाइलवर फोटो नको, ते शरीर त्यांचं आहे. फोटो लागलाच तर केंद्राच्या पद्धतीने निघेल. मग आजच्या आज केंद्रातल्या रहिवाशांच्या सुरक्षेची जबाबदारी ज्यांच्याकडे आहे त्यांच्या हातात दे. त्यांनी दाबलं तर वरच्याला, तिथेही दाबलं तर बाहेरच्या यंत्रणेला.

स्मृतिभ्रंश म्हणजे खोटं नव्हे. वार चुकेल, नाव चुकेल, पण 'पाणी देत नाही' हे हवेतून येत नाही.

आणि ताई चांगल्या आहेत म्हणून शंका येत असेल तर: जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार वृद्धांच्या संस्थांमध्ये ३ पैकी २ कर्मचाऱ्यांनी स्वतःच सांगितलंय की वर्षभरात आपल्या हातून छळ घडला. यात राक्षस कमी, थकलेली माणसं जास्त. एकटीवर पूर्ण मजला टाकणाऱ्यांनाही जाब विचारला पाहिजे, पण तो नंतर.

प्रतिसाद ३
मी विशेष मुलांसोबत काम करते. शपथेचा मुद्दा राहिला म्हणून लिहितेय. आम्हाला पहिल्याच दिवशी शिकवलं होतं की मूल 'कुणाला सांगणार नाहीस ना?' म्हणालं की 'तुला सुरक्षित ठेवायला ज्यांना सांगावं लागेल तेवढ्यांनाच सांगेन' एवढंच म्हणायचं. तू आधीच शब्द दिलायस, तर आता जाऊन आजींना खरं सांग.

पुन्हा खोदून विचारू नकोस. 'ताईंनी ओढलं का?' असं विचारलंस की उत्तर तूच तोंडात घातलंस. 'काय झालं?' हा तुझा प्रश्न योग्यच होता. डागांच्या जागेचं म्हणशील तर मुलांचंही तसंच. धावत्या मुलाच्या नडगीवर, गुडघ्यावर डाग असायचेच. कानावर, मानेवर, पोटावर दिसले, किंवा अजून रांगतही नसलेल्या बाळाच्या अंगावर कुठेही दिसले, तर आम्ही थांबत नाही, लगेच कळवतो.

धागाकर्ती
सगळ्यांचे आभार. काल दुपारी लिहून दिलं, हात थरथरत होता. प्रमुखांनी डॉक्टरांना बोलावलं, आणि चौकशी होईपर्यंत ताईंना त्या मजल्यावर पाठवणार नाहीत. ताईंचा फोन आला होता, उचलला नाही. वाईट वाटतंय, खोटं कशाला बोलू.

आजींना सांगितलं, "मी शब्द मोडला." त्या म्हणाल्या, "कसला शब्द?" त्यांना काहीच आठवत नव्हतं. मग मी पाण्याचा पेला पुढे केला. त्यांनी आधी दाराकडे पाहिलं, कुणी नाही याची खात्री केली आणि घटाघटा प्यायल्या.

हेही लिहून देऊ का?

प्रतिसाद २
हो. वेळेसकट.