कोक्कोलाचा वाद्यवृंद: ओळखीचं वाजवावं की नवं?

पूर्वरंग:
फिनलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर कोक्कोला हे सुमारे ४८ हजार वस्तीचं गाव. तिथे पगारी वादकांचा ऑस्ट्रोबोथनियन चेंबर ऑर्केस्ट्रा, म्हणजे छोटा वाद्यवृंद, आहे. युहा कांगास यांनी १९७२ मध्ये संगीत शिकणारी मुलं जमवून तो उभा केला, १९८९ मध्ये तो व्यावसायिक झाला आणि १९९३ मध्ये त्याला नॉर्डिक कौन्सिलचं (उत्तर युरोपीय देशांच्या मंडळाचं) संगीत पारितोषिकही मिळालं. माझ्या मते हे नाव झालं ते आजच्या नॉर्डिक आणि बाल्टिक संगीतकारांच्या रचना नेटाने वाजवल्यामुळे. लहान वाद्यवृंदांनी हेच करावं. अठराव्या शतकातल्या विवाल्डीचे ‘फोर सीझन्स’ वाजवणारे जगात पुष्कळ आहेत.

बोरीबंदर:
असहमत. जगात असतील पुष्कळ, कोक्कोलात कोण वाजवणार? फिनलंडमधले असे वाद्यवृंद मुख्यतः पालिकेच्या आणि सरकारच्या पैशावर चालतात. कर भरणाऱ्याने विवाल्डी काय फक्त रेकॉर्डवर ऐकायचा? समोर बसून ऐकण्यातलं सुख त्यालाही मिळायला हवं.

पूर्वरंग:
विवाल्डी वाजवूच नये असं मी म्हटलेलं नाही. पण हा फक्त तंतुवाद्यांचा संच आहे. ओबो नाही, हॉर्न नाही. हायडन-मोझार्टच्या बहुतेक सिम्फनींसाठी बाहेरून वादक बोलवावे लागतात. निव्वळ तंतुवाद्यांसाठीचं नावाजलेलं काय उरतं? ग्रीगचं ‘होल्बर्ग सुइट’, चायकोव्हस्कीचं ‘सेरेनेड’, ड्वोर्झाकचंही ‘सेरेनेड’, अशा काही रचना. दरवर्षी तेच तेच होणार. नवं लिहून घेतल्याशिवाय गत्यंतर नाही.

आणि हे नवं गावाला परकंही नाही. कांगास मूळचे जवळच्याच कौस्टिनेनचे. तिथल्या लोकफिडलवादनाला (फिडल म्हणजे लोकसंगीतातलं व्हायोलिन) २०२१ मध्ये युनेस्कोच्या सांस्कृतिक वारशाच्या यादीत स्थान मिळालं. संगीतकार पेर हेन्रिक नॉर्डग्रेन टोकियोत शिकून आले आणि १९७३ पासून कौस्टिनेनलाच राहिले. गावाकडच्या फिडलवादकांची स्वरचित्रं त्यांनी तंतुवाद्यांसाठी लिहिली.

तीव्र मध्यम:
पूर्वरंग, हा मुद्दा तुमच्यावरच उलटतो. नॉर्डग्रेनचं संगीत गावाला भिडतं, कारण त्यामागची चाल कानावरून गेलेली असते. फिन्निश संगीतकार राउतावारांच्या ‘पेलिमान्निट’मध्येही अठराव्या शतकातल्या पश्चिम फिनलंडच्याच एका फिडलवादकाच्या चाली आहेत. पण हा वाद्यवृंद वाजवतो ते बाकीचे संगीतकार पाहा: वास्क्स लाटव्हियाचे, ट्यूर एस्टोनियाचे, एलिआसन स्वीडनचे. त्यांचा कौस्टिनेनशी काय संबंध? लोकसंगीताचं बोट धरून एलिआसनसारखं अवघड संगीत पुढे सरकवू नका. ते स्वतःच्या बळावर उभं राहू द्या.

ओल्या वाटा:
मुंबईत एनसीपीए या कलाकेंद्राचा सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया २००६ पासून आहे. २०१५ मध्ये त्याने झाकीर हुसेन यांचा तबला कॉन्चेर्टो (तबला आणि वाद्यवृंदासाठीची रचना) ‘पेशकार’ पहिल्यांदा सादर केला. रचना कोरी करकरीत, पण तबल्याची भाषा आपल्या कानांना ठाऊक. वैविध्य म्हणजे मला तरी असं काही वाटतं.

तीव्र मध्यम:
‘पेशकार’ मलाही प्रिय आहे. पण तिथे लोक झाकीरभाईंसाठी यायचे. तरुण, अनोळखी संगीतकाराला ते भाग्य कुठून मिळणार?

पूर्वरंग:
वाद्यवृंदाने त्याला धरून ठेवलं तर मिळेल. नवी रचना एकदा वाजवून कपाटात ठेवली की ती कायम परकीच राहते. कांगास यांनी त्याच संगीतकारांकडे पुन्हा पुन्हा वळून लोकांचे कान तयार केले. नॉर्डग्रेननी या वाद्यवृंदासाठी एकच नाही, अनेक रचना लिहिल्या.

बोरीबंदर:
कान तयार व्हायला वर्षं लागतात, पालिकेचं अंदाजपत्रक दरवर्षी मांडलं जातं. तोवर खुर्च्या रिकाम्या दिसल्या तर अनुदान कापा म्हणणारे उभे राहतील आणि मग ना विवाल्डी ना नॉर्डग्रेन. कार्यक्रमाचा अर्धा भाग ओळखीचाच हवा, माझं मत कायम आहे.